पॅकेजिस्टची पाणीपट्टी कोण भरतं?

पॅकेजिस्ट म्हणजे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांची, पॅकेजेसची, सार्वजनिक सूची. तिच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी काही नावं दिसतात. सीडीएन (फाइली जगभर जवळच्या सर्व्हरवरून वाटणारं जाळं) बनी डॉट नेटचं, शोध अल्गोलियाचा, सर्व्हरवरची देखरेख डेटाडॉगची. त्यांच्याच शेजारी एक ओळ असते: देखभाल आणि होस्टिंग प्रायव्हेट पॅकेजिस्टकडून. पीएचपीत काम करणाऱ्यांची नजर सहसा तिथवर जात नाही. पीएचपीवर उभं लारावेल असो, सिम्फनी असो, ड्रुपल असो, 'कंपोझर अपडेट' ही आज्ञा दिली की नळाला पाणी यावं तशी पॅकेजेस येतात. पाणीपट्टी कोण भरतं, हे नळ कोरडा पडल्याशिवाय कुणी विचारत नाही. पॅकेजिस्टचा नळ इतकी वर्षं चालू आहे. तो कसा चालू राहिला, याचा हा हिशेब.

कंपोझर या साधनाचं काम २०११ साली सुरू झालं, पहिली जाहीर आवृत्ती २०१२च्या मार्चमध्ये आली. करणारे दोघे: नील्स आडरमान आणि जॉर्डी बोज्जानो. कंपोझर हे तुमच्या यंत्रावर चालून पॅकेजेस आणणारं साधन, तर पॅकेजिस्ट ही त्याला माहिती पुरवणारी सार्वजनिक सूची. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्तस्रोत. २०१४च्या सुमारास बोज्जानो यांनी टोरान प्रॉक्सी नावाचं एक छोटं उत्पादन विकायला काढलं. कंपन्यांनी ते आपल्या सर्व्हरवर बसवायचं, परवान्याचे पैसे द्यायचे आणि त्या पैशातून कंपोझर व पॅकेजिस्टच्या कामाला वेळ मिळायचा. २०१६मध्ये त्याची जागा प्रायव्हेट पॅकेजिस्ट या होस्टेड (म्हणजे विक्रेत्याच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या) सेवेने घेतली. तिच्यामागे पॅकेजिस्ट कंडक्टर्स ही जर्मनीत नोंदलेली छोटी कंपनी आहे. कंपन्यांची खासगी पॅकेजेस पैसे घेऊन सांभाळायची आणि त्या उत्पन्नावर सार्वजनिक सूची चालवायची, एवढाच हा व्यवहार. ऐकायला सोपा वाटतो. जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएम या तिथल्या पॅकेज-सूचीने साधारण हाच मार्ग धरला होता आणि शेवटी कंपनी विकावी लागली. त्यामुळे पॅकेजिस्टच्या बाबतीत नेमकं काय वेगळं होतं ते पाहायला हवं.

सुरुवात खर्चापासून करू, कारण उत्पन्नाआधी तिथेच बरंच ठरून गेलं होतं.

पॅकेजिस्टवर पॅकेज नसतंच

हे वाक्य नव्या माणसाला चमत्कारिक वाटतं. पण पॅकेजिस्टवर नवं पॅकेज नोंदवताना आपण फाइल चढवत नाही, फक्त गिट रिपॉझिटरीचा (कोड आणि त्याचा इतिहास जिथे राहतो त्या जागेचा) पत्ता देतो. पॅकेजिस्ट त्या रिपॉझिटरीतला प्रत्येक टॅग (प्रकाशित आवृत्तीची खूण) आणि प्रत्येक ब्रँच (चालू कामाची शाखा) चाळतो, त्यातली 'कंपोझर डॉट जेसन' ही माहितीची फाइल वाचतो आणि कोणत्या आवृत्तीला काय लागतं याची नोंद करतो. पुढे टॅग पडला की रिपॉझिटरी ठेवणाऱ्या गिटहब या सेवेचा वेबहुक (आपोआप जाणारा निरोप) पॅकेजिस्टला कळवतो आणि तेवढी नोंद ताजी होते. कंपोझर जेव्हा झिप उतरवून घेतो तेव्हा ती बहुतेक वेळा गिटहबकडून येते. पॅकेजिस्टकडून येतो तो मजकूर: नाव, आवृत्ती, अवलंबित्वं (त्याला लागणारी इतर पॅकेजेस), झिपचा पत्ता.

म्हणजे बँडविड्थचा सगळ्यात मोठा वाटा पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या खात्यावर पडला. एनपीएम मात्र प्रत्येक पॅकेजची टारबॉल (सगळा कोड बांधलेली फाइल) स्वतः साठवतो आणि स्वतः वाटतो. दोन्ही रचनांमागे तांत्रिक कारणं आहेत, पण पैशाच्या दृष्टीने पाहिलं तर एकाने धान्याचं कोठार बांधलं आणि दुसऱ्याने फक्त वही ठेवली.

वहीसुद्धा फुकट नसते, हे कंपोझर १च्या काळात कळलं. तेव्हाची पद्धत अशी: मुख्य फाइलमध्ये काही 'प्रोव्हायडर' फाइलींची यादी, त्या प्रत्येक फाइलमध्ये हजारो पॅकेजेसची नावं आणि प्रत्येकाच्या माहितीचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा छोटा ठसा). एका पॅकेजला नवा टॅग पडला की त्याचा हॅश बदलायचा, म्हणून ती अख्खी प्रोव्हायडर फाइल बदलायची, म्हणून जगभरच्या सगळ्या यंत्रांना ती पुन्हा उतरवावी लागायची. जुनी पॅकेजेस कमी बदलतात म्हणून वर्षांनुसार वेगळ्या फाइली केल्या होत्या. तरी ओढाताण राहिलीच, शिवाय सगळी माहिती मेमरीत घेताना कंपोझरचा दम लागायचा तो वेगळाच. मेमरी संपल्याची ती लाल ओळ जुन्या पीएचपीवाल्यांना पाठ असेल.

२४ ऑक्टोबर २०२० रोजी आलेल्या कंपोझर २ने हे मुळातून बदललं. आता प्रत्येक पॅकेजची स्वतंत्र फाइल असते. टॅग पडलेल्या आवृत्त्या एका फाइलीत, विकासाच्या ब्रँचेस दुसऱ्या फाइलीत. बहुतेकांना दुसरी लागतच नाही, म्हणून ती मागवलीच जात नाही. फाइलीच्या आतही काटकसर आहे: एका आवृत्तीची माहिती पूर्ण लिहायची आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीसाठी आधीच्यापेक्षा जे बदललं तेवढंच. तुमच्या यंत्रावर फाइल आधीच असेल तर कंपोझर 'अमुक वेळेनंतर बदललं का?' एवढंच विचारतो आणि बदल नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणून मोकळा होतो, मजकूर पाठवतच नाही. शिवाय या साध्या स्थिर फाइली असल्यामुळे सीडीएन त्या मुख्य सर्व्हरला न विचारता वाटू शकतो.

वापरणाऱ्याला कंपोझर २ 'वेगवान' म्हणून आवडला. सूची चालवणाऱ्यांच्या हिशेबात तो बिल कापणारा बदल होता. जुन्या पद्धतीच्या फाइली चालू ठेवणं हा दुहेरी खर्च, म्हणून कंपोझर १साठीची माहिती टप्प्याटप्प्याने गोठवली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी तो आधार बंद केला. अशी सेवा बंद केली की शिव्या पडतातच. पण फुकट देण्याच्या गोष्टींपैकी कोणती थांबवायची हे ठरवणारं कुणी पगारी माणूस नसेल, तर ती गोष्ट कधीच थांबत नाही आणि बिल वाढत राहतं.

मग पैसे कशाचे?

इथे एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यात २५ डेव्हलपरची एक कंपनी आहे आणि तिची स्वतःची ४० खासगी पॅकेजेस आहेत: पेमेंटचं एक, एसएमएसचं एक, जीएसटी इनव्हॉइसचं एक, अशी. ती पॅकेजिस्टवर जाहीर टाकता येत नाहीत. सगळ्यात सोपा फुकट मार्ग म्हणजे प्रकल्पाच्या 'कंपोझर डॉट जेसन'मध्ये प्रत्येक गिट रिपॉझिटरीचा थेट पत्ता 'व्हीसीएस' प्रकारात लिहिणं.

पहिला त्रास लगेच येतो. कंपोझर रिपॉझिटरींची यादी फक्त मूळ प्रकल्पाच्या फाइलीतून वाचतो, अवलंबित पॅकेजच्या फाइलीतून वाचत नाही. इनव्हॉइसचं पॅकेज एसएमएसच्या पॅकेजवर अवलंबून असेल तर इनव्हॉइस वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात एसएमएसचा पत्ताही हाताने लिहावा लागतो. १२ प्रकल्प असतील तर १२ ठिकाणी. कुणीतरी एक विसरतो आणि 'पॅकेज सापडत नाही' अशी तक्रार येते, तीही नेमकी प्रकाशनाच्या दिवशी.

दुसरा त्रास हिशेबाचा आहे. 'कंपोझर अपडेट' करताना कंपोझर त्या प्रत्येक रिपॉझिटरीचे सगळे टॅग आणि ब्रँचेस पाहतो. एका पॅकेजला २० टॅग आणि १० ब्रँचेस धरल्या तर ४० पॅकेजेसचे १,२०० संदर्भ झाले, आणि प्रत्येकासाठी गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रामांनी माहिती मागायच्या खिडकीला) निदान एक विनंती. टोकन (ओळख पटवणारी किल्ली) दिलेल्या वापरकर्त्याला गिटहब तासाला ५,००० विनंत्या देतो, टोकन नसेल तर एका आयपीमागे फक्त ६०. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर आधी आणलेल्या माहितीची साठवण (कॅश) असते म्हणून दुसऱ्यांदा काम हलकं होतं. पण सीआयचं, म्हणजे कोडच्या चाचण्या आपोआप चालवणारं, यंत्र दर वेळी कोरं असतं. रात्री अवलंबित्वं ताजी करून चाचण्या चालवणारं काम एका तासात पाच प्रकल्पांवर लावलं, की सीआयच्या एकाच टोकनवर ६,००० विनंत्या होतात आणि पाचव्या प्रकल्पाला मर्यादा आडवी येते. लॉक फाइलवरून (नेमक्या आवृत्त्या आधीच ठरवून ठेवलेल्या यादीवरून) चालणारं 'कंपोझर इन्स्टॉल' या चाळणीतून जात नाही. त्यामुळे हा बिघाड कधी होतो, कधी होत नाही आणि शोधणाऱ्याचा सकाळचा वेळ खातो.

यावरचा दुसरा फुकट मार्गही त्याच मंडळींनी दिलेला आहे, तो म्हणजे सॅटिस. सगळ्या रिपॉझिटरी एका फाइलीत लिहायच्या, सॅटिस चालवायचं, ते स्थिर सूची तयार करतं आणि ती कुठल्याही वेब सर्व्हरवर ठेवता येते. प्रकल्पांमध्ये मग एकच पत्ता पुरतो. छोट्या गटाला हे खरोखर पुरेसं आहे. पैसे वाचवायचे असतील तर आधी हेच करून पाहावं. अडचणी वाढतात त्या माणसं वाढल्यावर. नवा टॅग पाडला तरी क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या यंत्रणेची) पुढची फेरी होईपर्यंत तो दिसत नाही. वेब सर्व्हरवरचा पासवर्ड सगळ्यांना एकच, त्यामुळे बाहेरून घेतलेल्या कंत्राटी डेव्हलपरला ४०पैकी तीनच पॅकेजेस दाखवायची सोय नाही. कुणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलायचा आणि २४ जणांना कळवायचा. आणि ज्याने सॅटिस बसवलं तोच सोडून गेला तर विचारायलाच नको.

प्रायव्हेट पॅकेजिस्ट विकतं ते इथून पुढचं. गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेटवरच्या टीमचे अधिकार जसेच्या तसे उचलले जातात. टॅग पडताच वेबहुकने नोंद होते. प्रत्येकाला वेगळं टोकन मिळतं, सीआयला वेगळं. शिवाय सार्वजनिक पॅकेजेसच्या झिपचीही प्रत तिथे राहते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पॅकेजिस्टकडे फक्त वही आहे. एखाद्या लेखकाने गिटहबवरची रिपॉझिटरी उडवली की वहीत पत्ता राहतो आणि पत्त्यावर घर नसतं. पैसे भरणाऱ्याकडे घराची प्रत असते.

मला या व्यवहाराची आखणी आवडते ती याच जागी. कंपनीला विकली जाणारी प्रत्येक गोष्ट तिच्या मोठेपणातून आलेली गरज आहे: अधिकार, हिशेब, प्रत, खात्री. घरी बसून पहिलं पॅकेज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच लागत नाही, म्हणून त्याच्यापासून काही लपवून ठेवावंही लागत नाही.

बसवताना

काम साधारण तासाभराचं आहे, पण क्रम चुकला तर दिवस जातो. आधी सेवेत संस्था तयार करून गिट खातं जोडायचं आणि खासगी पॅकेजेस आत येऊ द्यायची. मग प्रकल्पाच्या 'कंपोझर डॉट जेसन'मध्ये 'कंपोझर' प्रकारची एकच रिपॉझिटरी लिहायची आणि जुन्या सगळ्या 'व्हीसीएस' नोंदी काढून टाकायच्या. त्याच यादीत 'पॅकेजिस्ट डॉट ऑर्ग: फॉल्स' अशी नोंद करायची, म्हणजे सार्वजनिक पॅकेजेसही खासगी आरशातूनच (सेवेने ठेवलेल्या प्रतींमधूनच) येतात.

ही नोंद राहून गेली तर सगळं चालताना दिसतं. पण काही झिप आरशातून आणि काही थेट गिटहबवरून येत राहतात आणि पैसे कशाचे भरतोय हेच कळत नाही. यानंतर 'कंपोझर अपडेट मिरर्स' चालवायचं. लॉक फाइलमध्ये झिपचे जुने पत्ते नोंदलेले असतात. ही आज्ञा आवृत्त्यांना हात न लावता फक्त पत्ते बदलते. ती विसरून लोक थेट पूर्ण अपडेट करतात, मग पत्त्यांबरोबर ६० पॅकेजेसच्या आवृत्त्याही सरकतात आणि कोणत्या बदलाने काय मोडलं ते सापडत नाही.

टोकन 'ऑथ डॉट जेसन'मध्ये राहतं. ती फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवली की कधीतरी गिटमध्ये जातेच. म्हणून ती कंपोझरच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि सीआयमध्ये 'कंपोझर ऑथ' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरावा. डॉकर प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं थराथराने बांधलेलं पॅक) बांधताना टोकन एखाद्या थरात कॉपी करून पुढच्या थरात पुसलं तरी आधीच्या थरात ते राहतं, हीही नेहमीची चूक.

सुरक्षेचा आणखी एक मुद्दा २०२१च्या फेब्रुवारीत सगळ्यांच्या तोंडी होता: कंपनीच्या खासगी पॅकेजचं नाव घेऊन कुणी परक्याने सार्वजनिक सूचीवर वरच्या आवृत्तीचं पॅकेज टाकलं तर साधन तेच उचलतं. कंपोझर २मध्ये आधी लिहिलेल्या रिपॉझिटरीत नाव सापडलं की पुढे शोधलंच जात नाही, त्यामुळे हा दरवाजा बऱ्यापैकी बंद आहे. शिवाय पॅकेजिस्टवर कंपनीच्या नावाने एखादं निरुपद्रवी पॅकेज नोंदवून ठेवलं की तो उपसर्ग दुसऱ्याला वापरता येत नाही. हे फुकट आहे आणि सगळ्यांनी करावं.

एनपीएमचं काय झालं

२०१३च्या शेवटी एनपीएमची सूची वरचेवर बंद पडत होती. ती तोवर दुसऱ्या कंपन्यांच्या मेहेरबानीवर चालत होती. २०१४मध्ये कंपनी स्थापन झाली, गुंतवणूकदारांकडून २६ लाख डॉलर आले. एप्रिल २०१५मध्ये आणखी ८० लाख डॉलर आणि त्याच सुमारास खासगी पॅकेजेसची सेवा, माणशी महिना ७ डॉलर दराने. दर वाजवी होता, गरजही खरी होती.

पण टारबॉल साठवणं आणि वाटणं हा खर्च जावास्क्रिप्टच्या वाढीबरोबर वाढत गेला आणि फुकट वापरणारे पैसे देणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट वेगाने वाढले. त्यात गुंतवणूकदारांचं घड्याळ. छोट्या कंपनीला खर्च भागून थोडं उरलं की पुरतं, गुंतवणुकीवर उभ्या कंपनीला ते अपयश वाटतं. मे २०१९मध्ये गिटहबने स्वतःची पॅकेज सेवा जाहीर केली, म्हणजे ज्या ठिकाणी ग्राहकाचा कोड आधीच होता तिथेच खासगी पॅकेजेसचीही सोय झाली. मार्च २०२०मध्ये गिटहबने एनपीएम विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी जे सांगितलं गेलं ते मला बोलकं वाटतं: पैसे देणाऱ्यांची खासगी पॅकेजेस गिटहबच्या सेवेत नेण्याची सोय करू आणि एनपीएम सार्वजनिक सूचीवर लक्ष देईल. सूची पोसण्यासाठी जो धंदा काढला तोच आधी वेगळा काढायचं ठरलं.

इथे पॅकेजिस्टच्या नशिबाचाही वाटा मान्य करायला हवा. गिटहबच्या पॅकेज सेवेत एनपीएम, मेव्हन, नूगेट, रुबीजेम्स आले, कंपोझर आला नाही. पीएचपीच्या वाटेला तो बलाढ्य शेजारी आलाच नाही. गिटलॅबने २०२०पासून कंपोझरची सोय दिली, आर्टिफॅक्टरी या पॅकेजेस सांभाळणाऱ्या उत्पादनातही ती आहे, म्हणजे स्पर्धा नाही असं नाही. आणि कंपोझरची सूचीची भाषा खुली असल्यामुळे ग्राहक पत्त्याची एक ओळ बदलून निघून जाऊ शकतो. विकणाऱ्याला हे जाचक असतं. पण याच कारणाने समुदाय त्याच्यावर विश्वास ठेवतो.

इलिक्झिर आणि अर्लांग या भाषांच्या हेक्स या सूचीने याच धर्तीवर संस्थांसाठी खासगी पॅकेजेसची सेवा माणशी ७ डॉलर दराने ठेवली आहे. पायथनच्या बाजूला ॲनाकोंडाने २०२०मध्ये वेगळी वाट धरली. २००पेक्षा जास्त माणसं असलेल्या संस्थांनी त्यांच्या सार्वजनिक सूचीच्या वापरासाठीच पैसे द्यावेत, अशी अट घातली. त्यातून पैसे येतात, पण लोक तोच माल कोंडा-फोर्ज या समुदायाच्या फुकट सूचीवरूनही उचलू लागतात आणि कंपन्यांचे वकील फोन करू लागतात.

जे पगारी माणसांशिवाय निभत नाही

एप्रिल २०२१मध्ये संशोधकांनी कंपोझरमध्ये सुरक्षेची एक त्रुटी दाखवली: मर्क्युरिअल (गिटसारखंच दुसरं साधन) रिपॉझिटरीच्या पत्त्याच्या जागी आज्ञेचा पर्याय घातला तर तो सर्व्हरवर चालवला जाऊ शकत होता, म्हणजे पॅकेजिस्टच्या सर्व्हरवरही. बारा तासांच्या आत पॅकेजिस्टवर ती बुजवली गेली. मे २०२३मध्ये कुणीतरी चार बंद पडलेली खाती बळकावली, जुने पासवर्ड इतरत्र फुटलेले होते आणि दुहेरी पडताळणी लावलेली नव्हती. त्यातून १४ पॅकेजेसचे गिटहब पत्ते बदलले गेले. वही ठेवण्याच्या रचनेची हीच कमजोर बाजू: पत्ता बदलला की पॅकेज बदललं. दुरुस्ती लगेच झाली, नुकसान झाल्याचं आढळलं नाही. सीडीएन देणगीत मिळतो, शोधयंत्र देणगीत मिळतं. रात्री अकराला उठून १४ पत्ते तपासणारा माणूस देणगीत एकदा मिळतो, दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. खासगी होस्टिंगच्या पैशांची खरी गरज अशा माणसांसाठी असते.

आता पैसे देणाऱ्या बाजूची एक देशी अडचण. परदेशी सेवेचं मासिक बिल कार्डावर लावलं आणि दोन महिन्यांनी सेवा थांबली, असं आपल्याकडे अनेकदा होतं. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती व्यवहाराला आधी नोंदवलेली संमती लागते. ओटीपीशिवाय कापल्या जाणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२मध्ये १५,००० झाली. २५ माणसांचं बिल ती सहज ओलांडतं आणि परदेशी विक्रेत्याची यंत्रणा ती संमती नोंदवतेच असं नाही. म्हणून वर्षाचं एकरकमी इनव्हॉइस मागवून बँकेतून पैसे पाठवणं बरं पडतं. सेवा आयात असल्यामुळे १८ टक्के आयजीएसटी उलट आकारणीने कंपनीलाच भरावा लागतो, हे लेखापालाला आधीच सांगावं. नाहीतर मंजुरी मिळालेल्या रकमेत आणि प्रत्यक्ष खर्चात फरक पडतो, फाइल पुन्हा वर जाते आणि तोवर सीआय जुन्या टोकनवर अडकून बसतं.